सहासष्ट डावऱ्या गाठी

१

एक कागद हरवलाय हे कळायला दुसरा कागद यावा लागला. दुसरा लाल होता.

अमेरिकेशी लढाई सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. जूनची आठ तारीख, मंगळवार. ओसाकाच्या तोमोए संघाचा सकाळचा सराव चालू असताना वॉर्ड कचेरीतला एक म्हातारा कारकून सायकल ढकलत थेट मैदानात शिरला. घरी कोणी भेटलं नाही म्हणून इथे आलो, असं म्हणत त्याने होरिए सेइजीच्या हातात लाल कागद ठेवला, कमरेत वाकून अभिनंदन केलं आणि सही-शिक्का घेऊन निघून गेला. सोमवारी सकाळी सैन्यात हजर व्हायचं होतं.

सेइजी बावीस वर्षांचा, संघाचा पहिला पिचर, म्हणजे मुख्य चेंडू टाकणारा. सरकारने मार्चपासून मैदानावर इंग्रजी शब्दांना बंदी घातली होती. पंचसुद्धा 'चांगला' आणि 'वाईट' एवढंच ओरडायचे. पण आपण पिचरला पिचरच म्हणू, इथे कान द्यायला कोणी शिपाई बसलेला नाही.

लाल कागद यायलाच नको होता. पगारी संघांचे साखळी सामने सुरू होऊन उणीपुरी सात वर्षं झाली होती आणि निम्मे खेळाडू चीनच्या मातीत गेले होते. उरलेल्यांना वाचवायची संघांनी एक युक्ती काढली होती. खेळाडूचं नाव रात्रीच्या महाविद्यालयात घालायचं. विद्यार्थी असला की भरती पुढे ढकलली जाते. वर्गात कोणी जात नसे, पण दर एप्रिलला अर्ज मात्र वेळेवर जायचा. तोमोए संघाचे असे तीन विद्यार्थी होते: सेइजी, त्याच्या बहिणीचा नवरा, चेंडू झेलणारा कॅचर इबुका तोराओ आणि दुसरा पिचर काजिवारा. तीन अर्ज पाकिटात घातले होते. पोचले दोन.

दुपारी सेइजी प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत आला. तिथे उसामी त्सुनेकिची चेंडू शिवत बसायचा. नवे चेंडू मिळेनासे झाले होते. फाटक्याचं कातडं उसवून, आत जुनी लोकर पुन्हा गुंडाळून तोच चेंडू परत शिवायचा. उसामी अठ्ठावन्न वर्षांचा होता. वीस वर्षांमागच्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी मोडलेल्या पहिल्यावहिल्या पगारी संघाचा तो कॅचर, आणि नंतर बारा वर्षं पंच. संघात कुणाची बॅट चोरीला गेली, कुणी कुणाची चुगली केली, याचा निवाडा त्याच्याकडेच यायचा. तो म्हणायचा, नऊ जणांत एकटा कॅचरच उलट्या दिशेला तोंड करून बसतो, म्हणून त्याला बाकीचे आठ दिसतात.

"काका, मला भीती वाटतेय," सेइजी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट काय माहितीये? मी ज्यांच्या पंगतीला बसतो, त्यांच्यातल्याच कुणीतरी हे केलंय. कोण ते कळल्याशिवाय मला गाडीत बसवू नका."

"कचेरीत नेझुसाहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, अर्ज सापडला आणि कुणी काढला ते नावानिशी सांगता आलं, तर पलटणीत जाऊन पाय धरतो. नुसतं हरवला म्हटलं तर सैन्यवाले त्यांनाच आत टाकतील."

उसामीने सुई चेंडूत खोचून ठेवली. या पोराला त्याने सतराव्या वर्षापासून चेंडू पकडायला शिकवलं होतं. स्वतःचं मूल नव्हतं, आणि असतं तर ते असंच असावं असं त्याला वाटायचं.

"सहा दिवस आहेत," तो म्हणाला. "बघू या."

२

संघाचे चिटणीस नेझु यांना घाम पुसायला रुमाल पुरत नव्हता. हाच माणूस गेल्या वर्षी सामन्याआधी खेळाडूंना सैनिकांचा गणवेश चढवून हातगोळे फेकायच्या शर्यतीत उतरवत होता आणि अधिकाऱ्यांना चहा पाजत होता.

"एका कर्नलने विचारलं होतं ना तुम्हाला," उसामी म्हणाला, "असला दणकट हात सैन्यात का नाही म्हणून?"

"विचारलं होतं. मी हसून वेळ मारून नेली. उसामी, अरे सेइजी गेला तर मैदानात कुत्रं येणार नाही. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन?"

"अर्ज कुठे होते?"

"या खणात, पाकिटात. कुलूप नाही. आठवडाभर पडून होते. वीस एप्रिलला पाकीट चिकटवलं आणि काजिवारा महाविद्यालयात घेऊन गेला. तो त्याच बाजूला राहतो."

"चिकटवलं कुणी?"

"मित्सुएने. पण ती सेइजीची सख्खी बहीण. तिचं नाव कशाला मध्ये आणतोस?"

मित्सुए कचेरीत लिहिण्याचं आणि टेलिफोन घ्यायचं काम करायची. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते. आई-बाप गेल्यावर सेइजीला तिनेच वाढवलं. लग्न होऊन तोराओकडे आली तेव्हा भावालाही सोबत घेऊनच आली. तिघं आणि दोन लहान मुली एकाच घरात राहत. उसामीनेही तिचं नाव मध्ये आणलं नाही.

राहिला काजिवारा. मोसमाचा पहिला सामना कुणी टाकायचा यावरून त्याची आणि सेइजीची हाणामारी व्हायची बाकी राहिली होती. उसामी त्याला गाठायला गेला तेव्हा तो भिंतीवर एकटाच चेंडू आपटत होता.

"या, फौजदार. मला वाटलंच आता माझी पाळी."

"पाकीट तू नेलंस."

"नेलं. आता पुढचं मीच सांगतो, तुमचे श्रम वाचतील. सेइजी गेला की मी पहिला पिचर. काय मोठं राज्य मिळणार आहे मला? दोन-दोन सामने एकाच दिवशी टाकायचे, खांदा निखळेपर्यंत, आणि मग तोच लाल कागद." त्याने चेंडू उचलला. "पाकीट चिकटवलेलं होतं, त्यावर शिक्का होता. तो फुटला होता का, ते ओगाताला विचारा."

ओगाता महाविद्यालयाचा नोंदणी कारकून होता. बुधवारी उसामी त्याच्या खिडकीपुढे उभा राहिला. ओगाताने दार ओढून घेतलं आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागला.

"शिक्का शाबूत होता. आत दोन अर्ज निघाले. इबुकाचा आणि काजिवाराचा."

म्हणजे काजिवारा सुटला. कागद पाकीट बंद व्हायच्या आधीच, कचेरीतच गेला होता.

"गेल्या वर्षी तीन आले होते," उसामी म्हणाला. "यंदा दोनच निघाले तर तुम्ही विचारलं का नाही, तिसरा कुठे म्हणून?"

ओगाताने शाईची बाटली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवली. "कामं फार असतात."

उसामीने बारा वर्षं पंचगिरी केली होती. चेंडू रेषेला लागलाय की नाही हे खेळाडूच्या तोंडावरून ओळखायची त्याला सवय होती. या माणसाला दोन अर्ज बघून आश्चर्य वाटलं नव्हतं, कारण दोनच येणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

"तुम्ही आता जा," ओगाता म्हणाला. "सोमवारी एक अधिकारी आले होते. बेसबॉल संघातला एक विद्यार्थी अचानक गळाला कसा, म्हणून त्यांनी बाकीच्यांचीही हजेरी मागितली. मी द्यायची नाही म्हणून कुणाला सांगणार? हजेरीच्या पानावर एक खूण नाही हो."

३

गुरुवारी दुपारी उसामी स्टेशनकडे निघाला होता. नेझु खोटं बोलतोय की ओगाता, हे त्याच्या डोक्यात नुसतं घोळत होतं.

स्टेशनच्या दाराशी मित्सुए उभी होती. पाठीवर धाकटी झोपलेली, हातात पांढऱ्या कापडाचा लांब पट्टा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईपुढे वाकून ती म्हणत होती, "माझ्या भावासाठी एक गाठ." बायका थांबत, लाल धाग्याची एक गाठ मारत आणि पुढे जात. हजार बायकांच्या हजार गाठी झाल्या की पट्टा पुरा. पोटाला बांधला की गोळी लागत नाही म्हणतात. जपानी पंचांगातल्या व्याघ्र वर्षात जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी मारायची मुभा, कारण वाघ हजार कोस गेला तरी घरी परततो.

"किती झाल्या?" उसामीने विचारलं.

"थोड्याच राहिल्यात, काका. बायका चांगल्या आहेत, नाही म्हणत नाहीत."

तिने पट्टा पुढे केला. उसामीने तो हातात घेतला आणि त्याच्या बोटांना जे कळलं ते डोक्याला कळायला अंमळ वेळ लागला. धागा मेण लावलेला होता.

तो शिवणकामाचा धागा नव्हता, चेंडूचा होता. उसामीच्या खोलीतलं लाल धाग्याचं शेवटचं रीळ एप्रिलमध्ये गायब झालं होतं. उंदरांनी नेलं म्हणून तो चार दिवस उंदरांना शिव्या देत होता. सम्राटांच्या वाढदिवसाच्या सामन्याला, एकोणतीस एप्रिलला, त्याला पहिल्यांदा पांढऱ्या धाग्याने चेंडू शिवावे लागले, आणि पंचाने चेंडू उचलून 'याला म्हातारपण आलं का' असं विचारलं होतं. त्यानंतर लाल धागा आलाच नाही.

बाजारात धागा मिळत नाही, बिचारीने नेला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग त्याचं लक्ष पट्ट्याच्या पहिल्या टोकाकडे गेलं. तिथे चार ओळींत गाठी दाटीने मारल्या होत्या आणि त्यांचा पीळ उलटा होता. त्याने मोजल्या. सहासष्ट.

हा उलटा पीळ उसामीने झोपेतही ओळखला असता. मैदानात बार्लीचा चहा विकणारी ओशिगे म्हातारी फावल्या वेळात त्याला चेंडू शिवू लागायची. ती डावरी होती. 'तुझा टाका उलटा पडतो, चेंडू वाकडा जातो' म्हणून तो तिच्यावर रोज डाफरायचा, आणि ती म्हणायची, 'वाकडाच जाऊ दे, अमेरिकेत जाऊन पडेल.' ती व्याघ्र वर्षातली होती. यंदा सहासष्टावं लागलं होतं.

पंधरा मे रोजी ती न्यूमोनियाने गेली. सगळा संघ तिच्या मातीला होता. सेइजीला लाल कागद आला आठ जूनला.

"काका, काय झालं?" मित्सुएने विचारलं.

"काही नाही," उसामी म्हणाला. "संध्याकाळी घरी येतो. तोराओ आणि सेइजी सरावाला असतील तेव्हा."

मित्सुएने पट्टा परत घेतला. तिने पाठीवरच्या पोरीला उगाचच थोपटलं.

४

घरात रताळी उकडल्याचा वास होता. थोरली पोर कोपऱ्यात बाहुली भरवत होती. मित्सुएने उसामीपुढे चहा ठेवला आणि समोर गुडघ्यांवर बसली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," उसामी म्हणाला. "तीन दिवस मी नेझु, काजिवारा, ओगाता करत फिरलो. पोरी, जिवंत भावाची भरती पुढे ढकलली गेलीय हे ठाऊक असताना कोणती बहीण असला पट्टा शिवायला घेईल? अशुभाला आवतण द्यायचं ते. तू तो एप्रिलमध्येच घेतलास. ओशिगेने तो शिवला तेव्हा लाल कागद कुणाच्या स्वप्नातही नव्हता."

"तो मी ह्यांच्यासाठी घेतला होता."

"ह्यांच्यासाठी असो की भावासाठी. दोघांतला एक जाणार हे तुला तेव्हाच माहीत होतं. आणि यंदा दोनच अर्ज येणार हे ओगाताला माहीत होतं. तो मैदानावर कधी येत नाही. त्याने टेलिफोन केला असणार. कचेरीत टेलिफोन कोण घेतं?"

मित्सुए उठली, देव्हाऱ्यात आई-बापाच्या नावाच्या पाट्यांमागे हात घातला आणि घडी केलेला कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. सेइजीचा अर्ज.

"ओगाता म्हणाला, एकाच पत्त्यावर दोन बेसबॉलवाले विद्यार्थी. तपासणीत आंधळ्यालाही दिसेल. एक काढा, नाहीतर दोन्ही जातील. आणि कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल." तिचा आवाज सपाट होता. "दोन दिवस पाकीट माझ्यापुढे होतं, काका. एकदा ह्यांचा काढला, परत घातला. एकदा सेइजीचा. मी कुणाला विचारणार होते? सेइजीला विचारलं असतं तर तो हसत म्हणाला असता, माझाच काढ. ह्यांना विचारलं असतं तर तेही तेच म्हणाले असते. मग मला या दोघींची तोंडं दिसली. बाप नसला तर काय होतं ते मी बघितलंय. सेइजीला मूल नाही."

"आणि पट्टा?"

"दुसरं काय करू शकत होते मी?"

उसामीने तिच्यावर रागवायचा प्रयत्न केला, पण राग येईना. कुंपणानेच शेत खाल्लं, हे खरं. पण एकाच कुंपणाला दोन शेतं राखायला दिली आणि वरून सांगितलं की एक खा, नाहीतर दोन्ही जाळतो.

"घेऊन जा," ती म्हणाली. "नेझुसाहेबांना द्या. माझं नाव सांगा. त्याला सोडत असतील तर मी तुरुंगात जाईन."

उसामीने कागद उचलला. नेझु पलटणीत जाईल, पाय धरेल. ते विचारतील, बहिणीने का काढला? मग एकाच पत्त्याची गोष्ट निघेल, मग तोराओची. बाई आत, दोन्ही पुरुष सैन्यात आणि पोरी रस्त्यावर. पण एक शक्यता होती, शंभरात एक, की पोराला महिनाभर तरी सोडतील. तो या शंभरातल्या एकाशी झुंजत असतानाच दारात सायकलची घंटा वाजली.

"इबुका तोराओ यांचं घर हेच ना?"

वॉर्ड कचेरीतला तोच म्हातारा होता. हातात तसाच कागद. बाकीच्यांची हजेरी तपासून झाली होती.

मित्सुएने शिक्का शोधला. तो नेहमीच्याच खणात होता, तरी तिला सापडेना. शेवटी थोरलीने आणून दिला. तिने पावतीवर शिक्का उमटवला. म्हाताऱ्याने वाकून अभिनंदन केलं. तिनेही वाकून आभार मानले, कारण तसंच करायचं असतं.

दार बंद झालं. ती उभ्या जागीच खाली बसली. रडली नाही. रताळी करपायला लागली होती, ती उसामीने उतरवली. मग सेइजीचा अर्ज त्याने त्याच चुलीत घातला. आता त्या कागदाने कुणीही वाचणार नव्हतं. फक्त एका पोराला कळलं असतं, की त्याच्या बहिणीने त्याला मोजून वेगळं काढलं.

"त्याला सांगाल?" मित्सुएने विचारलं.

उसामीने चुलीतली राख काठीने विस्कटली.

५

रविवारी सेइजीने शेवटचा सामना टाकला आणि हरला. मैदान निम्मं रिकामं होतं. काजिवाराने त्याच्यासाठी पाण्याचं भांडं भरून आणलं; सेइजीने ते घेतलं नाही. पाच दिवस तो सगळ्यांकडे असाच संशयाने बघत होता.

सामना संपल्यावर तो उसामीच्या खोलीत आला. "काका, उद्या जातोय. कळलं का काही?"

उसामीने तीन रात्री विचार केला होता. 'नाही कळलं' म्हणावं, तर पोरगा आयुष्यभर, ते जेवढं काय उरलं असेल तेवढं, प्रत्येक ओळखीच्या तोंडाकडे संशयाने बघत राहील. काजिवाराचं नाव घ्यावं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी राजी असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

"कळायचं काय त्यात," उसामी म्हणाला. "मीच नेला."

सेइजी हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"चेंडू गुंडाळायला कागद मिळत नव्हता. नेझुसाहेबांच्या खणात जुने कागद पडले होते, ते न बघता उचलून आणले. त्यात तुझा होता. कळलं तोवर त्याचे तुकडे झाले होते. मग सांगायची हिंमत झाली नाही."

"दोन महिने?"

"दोन महिने."

"आणि मी तुमच्याकडेच आलो. मला शोधून द्या म्हणून."

"हो."

सेइजीने भिंतीला हात टेकला. "एक कागद गळाला म्हणून त्यांनी बाकीचे तपासले. म्हणजे भाऊजीही तुमच्यामुळेच."

"हो," उसामी म्हणाला.

मार पडेल असं त्याला वाटलं होतं. पडला असता तर बरं झालं असतं. सेइजीने टोपी काढली, पाय जुळवले आणि परक्या माणसाला करतात तसा पूर्ण वाकून नमस्कार केला.

"आजवर शिकवलंत त्याबद्दल आभार, उसामीसाहेब."

काका म्हणाला नाही. बाहेर जाऊन त्याने काजिवाराला हाक मारली आणि दोघं बोलत बोलत फाटकाकडे गेल्याचं उसामीने ऐकलं. निदान तेवढं तरी झालं.

सोमवारी स्टेशनवर झेंडे होते, नेझुंचं भाषण होतं, तीनदा जयघोष झाला. तोराओची पाळी पुढच्या आठवड्यात होती. सेइजी एकेकापुढे जाऊन वाकला. काजिवारापुढे जरा जास्तच. उसामी रांगेत होता. त्याच्यासमोर सेइजी थांबला नाही.

सगळ्यात शेवटी तो बहिणीपाशी गेला. तिने त्याच्या कमरेला पट्टा नीट बसलाय ना ते सदऱ्यावरूनच चाचपून पाहिलं. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"रडू नकोस, ताई. जगात एक तू तरी आहेस, जिने मला कधी दगा दिला नाही."

मित्सुएचे ओठ हलले. तिने सेइजीच्या खांद्यावरून उसामीकडे पाहिलं. उसामी मान खाली घालून उभा होता. ती काही बोलेल असं क्षणभर वाटलं, पण तेवढ्यात लोकांनी पुन्हा जयघोष केला, आणि तिने भावाकडे बघून नुसती मान हलवली. गाडी वेळेवर सुटली.